हँडबिलावर 43 नावं, रेडिओवर फक्त दोन: जत्रेच्या एका अनाउन्समेंटचं प्रकरण

प्रकरण 2024 च्या चैत्रातलं आहे, सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावातलं. गावाचं आणि रेडिओ केंद्राचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण यात भांडलेली सगळी माणसं अजून एकमेकांच्या लग्नाकार्याला जातात आणि ते तसंच चालू राहिलेलं बरं. मी त्या केंद्राच्या सल्ला समितीवर आहे, म्हणजे मी काय तटस्थ वगैरे नाही, ते धरूनच वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्याकडं रेडिओ म्हणलं की वयस्कर माणसांना सांगली आकाशवाणी आठवते, 1963 पासूनचं केंद्र, त्याचा पसारा मोठा. आमचं केंद्र कम्युनिटी रेडिओचं, म्हणजे एखाद्या संस्थेनं आपल्या भागापुरतं चालवलेलं, त्यापुढं अगदीच चिमुकलं. 100 वॅटपर्यंतचा ट्रान्समीटर, टॉवर जास्तीत जास्त 30 मीटर, रेंज सपाटीला 10 ते 15 किलोमीटर आणि मधे डोंगर आला की पलीकडच्या वस्तीला नुसती खरखर. 2002 ला याचं लायसन्स फक्त शिक्षणसंस्थांना मिळायचं, 2006 च्या धोरणानंतर सामाजिक संस्थांनाही मिळायला लागलं, मग 2008 ला आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झालं, इकडं जत तालुक्यात जालिहाळला येरळा वाणी आलं.

आता यातली गंमत अशी की या रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात, काना-मात्रा न बदलता. पण जत्रा, सण, सांस्कृतिक कार्यक्रम, खेळ, हवामान, लाईट-पाण्याच्या सूचना, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा यांना सरकार बातमी धरत नाही. म्हणजे ग्रामसभेत काय राडा झाला ते सांगायचं नाही पण त्याच गावात देवळापुढं रात्री कुणाचा डफ कडाडणार ते खुशाल सांगायचं. साहजिकच केंद्रावर सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते संध्याकाळचं पंधरा मिनिटांचं जत्रा-कार्यक्रमांचं सदर. वडापवाले, म्हणजे सीटवर भाडं घेणारे जीपवाले, ऐकतात कारण त्यांना कळतं आज कुठल्या गावाला गाडी लावायची. रात्रपाळीच्या लाईटवर मोटार चालू करायला रानात गेलेली माणसं ऐकतात, कानात ती हेडफोनची वायर घालून, कारण मोबाईलच्या एफएमला वायर हीच अँटेना. नव्या फोनमधे एफएमच नसतो ही वेगळी बोंब, 2023 ला केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना एफएम चालू ठेवा असं सांगितलंय पण आमच्या भागात अजून जुने बटणाचे फोनच खरे श्रोते आहेत.

सदर वाचते ती मुलगी आमच्याच भागातली, बी.ए. झालेली, गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आबा, तात्या, अण्णा म्हणून फोनवर बोलायची तिला सवय. तिची वाचायची एक पद्धत आहे ती मला फार आवडते. आधी तिथी, मग वार, मग तारीख, कारण जत्रा तिथीवर असते, माणसं वारावर चालतात आणि तारीख फक्त एसटीला कळते. मग कार्यक्रम, मग कलाकार कोण आणि कुठले, आणि शेवटी परत यायची शेवटची गाडी किती वाजता आहे ते. बस. एका कार्यक्रमाला 40-45 सेकंद.

हँडबिल

त्या वर्षी गावच्या यात्रा कमिटीचं हँडबिल आलं, गुलाबी कागद, वर देवाचा फोटो. मी मोजली, 43 नावं होती. पहिल्या ओळीत प्रमुख उपस्थिती, मग विशेष उपस्थिती, मग मार्गदर्शक, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार, मग मांडव सौजन्य, पाणी सौजन्य, लाईट सौजन्य, जनरेटर सौजन्य (लाईट आणि जनरेटर ही दोन वेगवेगळी घराणी आहेत, त्यांची नावं एका ओळीत बसत नाहीत). मग महाप्रसाद. मग कुस्त्यांचा फड, त्यात इनामं देणारांची नावं, पैलवानांची नाहीत. आणि सगळ्यात खाली, प्रेसवाल्यानं उरलेल्या जागेत कोंबल्यासारखं: रात्री ठीक 9 वा. नामांकित शाहिरांचा भेदिक शाहिरीचा जंगी सामना.

नामांकित, पण नाव नाही.

हे काय नवीन नाही. फ्लेक्सवर तर त्याहून वाईट असतं. पण सांगलीसारख्या जिल्ह्यात हे जरा जास्त टोचतं. आपण नाट्यपंढरी म्हणवून घेतो, 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं म्हणून 5 नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन करतो. पठ्ठे बापूराव वाळव्याकडच्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूचा तमाशा कवलापूरचा. पण नाट्यगृहात प्रयोग असला की पेपरात चौकट येते, कलाकाराच्या नावासकट, आणि देवळापुढं डफ घेऊन उभा राहणारा माणूस मात्र 'नामांकित शाहीर व पार्टी' एवढाच असतो.

ज्यांना भेदिक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन फड असतात, एक कलगीचा, एक तुऱ्याचा. तुरेवाला पुरुषाची, शिवाची बाजू घेतो, कलगीवाला शक्तीची, मायेची. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात, आध्यात्मिक कोडी असतात, पुराणातली, शरीरातली, पंचमहाभूतांची. समोरच्यानं ते फोडायचं, म्हणजे भेद उकलायचा. साथीला डफ, तुणतुणं, झांज आणि मागं सूर ओढणारे झीलकरी. पूर्वी हरलेल्याचा डफ काढून घ्यायचे म्हणतात. सवाल कुणाच्याही तोंडातून असेच येत नाहीत, ते बाडात असतात, म्हणजे आज्या-पणज्याच्या हस्तलिखित वहीत, आणि ते बाड शाहीर घरच्या बायकोलाही सहजासहजी दाखवत नाही.

यात नावाला महत्त्व का तर सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, नावावर येते. पाडव्यापासून आखाडीपर्यंत जे काय तीनेक महिने मिळतात त्यातच वर्षाची कमाई, एका गावात सामना गाजला की दुसऱ्या गावचे पंच इसार, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन येतात. पण येणार कुणाकडं? हँडबिलावर नावच नसेल तर ऐकणाऱ्याला 'ते कुठलं तरी बुवा होतं, उंच, टोपीवालं' एवढंच लक्षात राहतं.

तर आमच्या मुलीनं हँडबिल हातात घेतलं आणि कमिटीच्या अध्यक्षांना फोन केला की आबा, शाहीर कोण-कोण आहेत? आबांना माहीत नव्हतं. त्यांनी खजिनदाराचा नंबर दिला, खजिनदारानं सुपारी द्यायला गेलेल्या पोराचा, आणि त्या पोराकडं एकाचा नंबर 'तुरा' आणि दुसऱ्याचा 'कलगी' म्हणून सेव्ह होता. मग तिनं दोघांशी बोलून नाव, गाव, गुरुघराणं विचारून घेतलं. तुरेवाले बुवा सत्तरीच्या पुढचे, कलगीवाले चाळिशीतले, दिवसा सेंट्रिंगचं काम करणारे. संध्याकाळी सदरात वाचलं: गाव, तिथी, वार, तारीख, दोन्ही शाहिरांची नावं, कोण कलगी कोण तुरा, आयोजक यात्रा कमिटी व समस्त ग्रामस्थ, परतीची वडाप मिळेल. 43 मधलं एकही नाव नाही.

दुसऱ्या दिवशीचा फोन

फोन अध्यक्षांचा नव्हता, त्यांच्या पुतण्याचा होता, आणि पुतण्याचं खताचं दुकान आमच्या केंद्राला महिन्याला जाहिरात देतं, ही गोष्ट फोनच्या पहिल्याच वाक्यात आली. "आमच्या आबांचं नाव सोडून त्या डफवाल्यांचं नाव घेता व्हय? पैसं आम्ही घालायचं आन् नाव त्येंचं?"

दोन दिवसांनी कमिटी केंद्रावर आली, सात-आठ जण. केंद्र म्हणजे एक खोली, भिंतींना आवाज घुमू नये म्हणून जुन्या गोधड्या ठोकलेल्या, त्यातली एक तर अध्यक्षांच्या बहिणीनंच दिलेली आहे. चहा झाला. मग आबांनी विषय काढला आणि खरं सांगतो, त्यांचं म्हणणं ऐकल्यावर मला माझी बाजू आधी वाटत होती तेवढी सोपी वाटली नाही.

ते म्हणले, "ताई, तुला वाटतंय आमाला नावाची हौस हाय. आसंल थोडी. पर त्ये हँडबिल म्हंजी पावती हाय. ज्यानं पाच हजार दिलं त्येचं नाव छापलं, त्येला पावती मिळाली. उद्या नाव न्हाई आलं तर पुढच्या साली तो देत न्हाई. मग तुज्या शाहिराला बिदागी कोण देणार, रेडिओ देणार का?"

याला उत्तर देणं अवघड आहे. गावच्या जत्रेतली कला सरकार चालवत नाही, तिकीट नसतं, ती वर्गणीवर चालते आणि वर्गणी नावावर चालते. आपण शहरात बसून फ्लेक्सला हसतो पण त्या फ्लेक्सवरच्या टोप्या-गॉगलवाल्या चेहऱ्यांच्या पैशातूनच डफ वाजतो. लाईटवाला आणि जनरेटरवाला वेगळ्या ओळीत का, याचं कारणही तेच, दोघांनी वेगवेगळे पैसे दिलेत. हे कळल्यावर मी त्या गुलाबी कागदाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

पण केंद्राची बाजूही नुसती तत्त्वाची नव्हती. एक तर आचारसंहिता. लोकसभेची 16 मार्चपासून लागलेली, सांगली आणि सातारा दोन्हीकडं 7 मेला मतदान, आणि जत्रा बरोबर त्याच्या आदल्या आठवड्यात. 43 मधली निदान पंधरा नावं अशी होती की ज्यांच्या मागं-पुढं पक्ष होता. एरवीही कम्युनिटी रेडिओवर राजकीय प्रचार चालत नाही, लायसन्सच जाईल, आणि त्या दिवसात तर 'प्रमुख उपस्थिती' वाचणं म्हणजे स्वतःच्या हातानं नोटीस मागवून घेणं. शिवाय तीन महिन्यांचं सगळं रेकॉर्डिंग जपून ठेवायचा नियम आहे, म्हणजे कुणी तक्रार केली तर 'आम्ही असं म्हणलोच नाही' म्हणायची सोय नाही.

दुसरं, वेळ. त्या आठवड्यात सदरात रोज दहा-अकरा कार्यक्रम होते. प्रत्येकाची चाळीस नावं वाचायची तर पंधरा मिनिटांत फक्त नावं झाली असती आणि लोकांनी रेडिओ बंद केला असता. हे आमच्या मुलीनं फार गोड बोलून सांगितलं, तिनं घड्याळ लावून त्यांच्याच हँडबिलातली नावं मोठ्यानं वाचून दाखवली. पहिल्या वीस नावांतच कमिटीतला एक जण तंबाखू मळायला बाहेर गेला.

मग तोडगा निघाला, जाहिरातीचा. जाहिरातीला तासाला 12 मिनिटं मिळतात, 2024 च्या फेब्रुवारीत वाढलं ते, त्याआधी 7 होती. सरकारी जाहिरातीचा दर तेव्हाच 10 सेकंदाला 52 वरून 74 रुपये झाला, आमचा गावातल्या लोकांसाठीचा दर त्याहून कमी आहे. तर म्हणलं देणगीदारांची नावं जाहिरात म्हणून घ्या, पैसे भरून, जाहिरातीच्या वेळात, फक्त दोन अटी, कुठल्याही नावापुढं पद किंवा पक्ष नाही आणि निवडणुकीशी संबंध असलेलं कुणी नाही. सदर मात्र आहे तसंच राहील, ते विकत मिळणार नाही.

कमिटीला पटलं. 30 सेकंदाची जाहिरात ठरली. 30 सेकंदात स्वतःचं, बापाचं नाव आणि आडनाव असं धरलं तर बारा, ताणून पंधरा नावं बसतात. आता कुठली पंधरा, यावर कमिटी आमच्यासमोरच बसून तासभर भांडली. आबांचं म्हणणं देणगीच्या रकमेप्रमाणं, खजिनदाराचं म्हणणं भावकीप्रमाणं एकेक, आणि एका तरुणाचं म्हणणं की पद काढल्यावर आमच्या दादांचं नाव कशाला घ्यायचं मग, पद नसलेल्या दादांना ओळखतंय कोण. शेवटी जाहिरात कधीच आली नाही. ते भांडण गावात पुढं आठवडाभर चाललं असं ऐकून आहे. खताच्या दुकानाची चालू जाहिरात मात्र पुतण्यानं त्याच संध्याकाळी बंद केली.

मग परवानगीचं लफडं झालं

कार्यक्रमाला तीन दिवस राहिले असताना लाऊडस्पीकरची परवानगी हातात आली, त्यावर वेळ लिहिलेली रात्री 10 पर्यंत. रात्री 10 नंतर स्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहेच, एरवी जत्रेत थोडं इकडं-तिकडं होतं, पण निवडणुकीच्या दिवसात ती ढिलाई मिळणार नव्हती. आणि हँडबिलावर छापलंय रात्री ठीक 9. म्हणजे 9 ला गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं नमन, सुरू करून 10 ला आटपायचं, त्याला भेदिक नाही म्हणत. ठरलं की संध्याकाळी 6 लाच सुरू करायचं. पण हँडबिलं वाटून झाली होती, शेजारच्या आठ-दहा गावांत, ग्रुपवर फोटो फिरून झाले होते, आणि एकदा फिरलेला फोटो माघारी बोलावता येत नाही.

त्या रात्री केंद्रावर फोन आला, या वेळी स्वतः आबांचा. "ताई, तेवढं वेळ बदलल्याचं सांग की."

नाव घ्या वगैरे काही नाही. मुलगी म्हणली, "आबा, रोज तीन वेळा सांगते, काळजी करू नका." आणि तिनं सांगितलंही, सकाळी, दुपारी आणि सदरात, दर वेळी दोन्ही शाहिरांच्या नावासकट. मला इथं तिचं कौतुक करायचंय की तिनं एका शब्दानंही त्या माणसाला आधीच्या भांडणाची आठवण करून दिली नाही, मी असतो तर दिली असती.

कार्यक्रमाला मी गेलो होतो. 6 ला ऊन अजून देवळाच्या पत्र्यावर तापत होतं, गर्दी बेताचीच. साडेसातपर्यंत मात्र पटांगण भरलं आणि त्यात बायका होत्या, एवढ्या बायका मी भेदिकला कधी बघितल्या नव्हत्या. एका मावशींना विचारलं तर म्हणल्या, "रात्रभर कोण येऊ देतंय आमाला? हे बरं झालं, भाकरी करून आलो, धा वाजता घरी." हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, ना कमिटीनं ना रेडिओनं, पोलिसांच्या एका कागदानं झालं. बाहेरगावची माणसंही होती, तुरेवाल्या बुवांना पंधरा-वीस वर्षांपूर्वी ऐकलेले दोन-तीन म्हातारे तर केवळ रेडिओवर नाव ऐकून वडापनं आलेले, त्यांना वाटत होतं बुवांनी गाणं कधीच सोडलं.

पण कलेच्या अंगानं बघितलं तर त्या चार तासांनी सामन्याची वाट लागली हेही लिहायला पाहिजे. भेदिक चढतं ते रात्री बारा-एकनंतर. आधी गण, मग आपापल्या गुरूंचं वंदन, मग हलके सवाल, एकमेकांची टोपी उडवणं, आणि लोक पेंगायला लागले की खरा कठीण सवाल पडतो. इथं सगळं दाबून बसवावं लागलं. साडेनऊला कलगीवाल्यांनी सवाल टाकला. मी इथं गद्यात सांगतो कारण गाणं त्यांचं आहे: नऊ दारांचं घर, धनी एकच, एके दिवशी धनी कुणाला न सांगता निघून गेला, तर आता त्या घराची घरपट्टी ग्रामपंचायतीनं कुणाच्या नावावर काढायची? पटांगण हसलं. नऊ दारं म्हणजे देह हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती घरपट्टीची मेख त्यांची स्वतःची होती, बाडातली नाही.

तुरेवाले बुवा उठले, डफाला थाप मारली, चाल धरली, आणि उत्तराच्या दोन ओळी होतायत तोवर 10 ला पाच कमी असताना हवालदार स्टेजच्या बाजूला येऊन उभा. कमिटीनं हात जोडले, स्पीकर बंद. बुवा बिनामाईकचे गायला तयार होते, पण मागच्या रांगा उठल्या होत्या. सत्तरीच्या माणसाला उत्तर येत असताना गप्प बसावं लागलं, आणि या लोकांच्यात उत्तर न देता उठणं म्हणजे काय ते मघाशी सांगितलंच.

रेडिओवर उत्तर

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या फोनवर पहिला कॉल बुवांचा होता. "मला उत्तर द्यायचंय." त्यानंतर दिवसभर श्रोत्यांचे, की त्या घरपट्टीचं काय झालं.

सल्ला समितीत यावर थोडी चर्चा झाली, आमच्या समितीत निम्म्याहून जास्त बायका आहेत, आणि त्यातल्या एकीनं बरोबर मुद्दा काढला की एकट्या बुवांना बोलावलं तर रेडिओ तुऱ्याच्या बाजूनं झाला असं होईल. दोघांना बोलवा. कलगीवाले सेंट्रिंगवरून सुट्टी घेऊन यायला तयार होते पण त्यांची अडचण वेगळी होती, रेकॉर्डिंगची. सवाल एकदा रेकॉर्ड होऊन फिरला की पुढच्या गावात त्याचा उपयोग संपला, समोरचा उत्तर पाठ करूनच येणार. ही भीती खरी आहे. रेडिओवाल्यांना, लोककलेवर पीएचडी करणाऱ्यांना, मोबाईल वर करून शूटिंग करणाऱ्या पोरांना, सगळ्यांना वाटतं की रेकॉर्ड करून ठेवणं म्हणजे जतन. शाहिराच्या दृष्टीनं तो त्याचा माल उघड्यावर मांडणं असतं.

मग असं ठरलं की फक्त हा एकच सवाल आणि त्याचं उत्तर, अर्धा तास, एकदा प्रसारण आणि त्याच आठवड्यात एकदा पुनःप्रसारण. नियमाप्रमाणं कॉपी तीन महिने केंद्रात राहील पण बाहेर कुणाला द्यायची नाही, इंटरनेटवर टाकायची नाही. आणि दोघांना मानधन, थोडंच, पण दिलं, कारण 'प्रसिद्धी मिळते की' हे वाक्य ऐकून ऐकून या लोकांचे कान किटलेत.

त्या खोलीत, गोधड्यांच्या मधे, दोघं मांडी घालून समोरासमोर. डफ एवढ्या लहान जागेत वाजवता येईना, माईक फाटायला लागला, मग बुवांनी डफावर उपरणं टाकलं आणि बोटांनीच ठेका धरला. उत्तर त्यांचं असं होतं: धनी गेल्यावर घर राहतच नाही, पाच भाऊ येतात, माती मातीचा वाटा नेते, पाणी पाण्याचा, तसंच तेज, वारा, आकाश, सगळे आपापली वाटणी घेऊन जातात, मग उताऱ्यावर घरच नाही तर घरपट्टी कशाची काढता, आधी उतारा दाखवा. कलगीवाले हसले आणि त्यांनी गाण्यातच कबूल केलं, पण कबूल करता करता एक पोटसवाल सोडला की घर मोडलं तरी थकबाकी राहते, ती कुणी भरायची? बुवा म्हणले, ते पुढच्या जत्रेला.

तो अर्धा तास केंद्राच्या इतिहासात सगळ्यात जास्त फोन आलेला कार्यक्रम ठरला असं मुलगी सांगते, मी काय मोजायला बसलो नव्हतो. बुवांना त्यानंतर वैशाखात दोन सुपाऱ्या मिळाल्या, दोन्ही आमच्या रेंजमधल्या गावांतल्या, हे त्यांनी स्वतः सांगितलं. कलगीवाल्यांना एकही नाही, उलट एका ठिकाणी त्यांना 'तुम्ही हरलात नव्हं रेडिओवर' असं ऐकून घ्यावं लागलं. म्हणजे नाव वाचल्यानं सगळ्यांचं भलंच होतं असं नाही, हरलेल्याचंही नाव सगळ्यांना कळतं. त्याबद्दल कलगीवाल्यांनी आमच्याकडं तक्रार केली नाही, पण पुढं कधी स्टुडिओत बोलावलं तर येतील का ते मला सांगता येत नाही.

केंद्राच्या बाजूनं बदललं एवढंच की आता कार्यक्रमाची माहिती घेताना एक कागद भरून घेतात. त्यात कलाकाराचं नाव आणि गाव हा रकाना रिकामा असेल तर अनाउन्समेंट थांबते, बाकी काही रिकामं असलं तरी चालतं. परवानगी किती वाजेपर्यंतची आहे हा रकाना नंतर वाढवला. काही कमिट्या कुरकुरतात, दोघा-तिघांनी आमच्याकडं माहिती देणंच बंद केलंय, ऑर्केस्ट्रावाल्यांना तर कलाकारांची नावं आदल्या दिवसापर्यंत स्वतःलाच माहीत नसतात, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

आबा अधूनमधून केंद्रावर चहाला येतात. खताच्या दुकानाची जाहिरात काही परत आली नाही. त्या महिन्याची तूट दोन पिठाच्या गिरण्या आणि एका शेळ्यांच्या औषधाच्या दुकानानं मिळून भरली, पण ते उधारीत आहे, वसुलीला मलाच जायचंय.